खारव्याचा रंग : खानदेशांतील आल व नीळ यांची कृतिरचना

जुनें दप्तर सोडणारास प्रथम दर्शन घडतें तें कागदाचें नव्हे, तर कागद ज्यांत बांधलेले असतात त्या तांबड्या फडक्याचें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत तर या फडक्यावरूनच मोजणी पडली. इतके कागद असें न म्हणतां इतके रुमाल असें म्हणण्याचा प्रघात तेथें रूढ झाला. असें असूनही रुमाल सोडावयाचा, कागद बाहेर काढावयाचे आणि फडकें झटकून कोपऱ्यांत टाकावयाचें, हाच आपणां सर्वांचा नित्यक्रम आहे. कागदाची जात, शाईचा कस, अक्षराचें वळण, शिक्क्याचा घाट यांवर संशोधकांनीं पानेंच्या पानें लिहिलीं. पण ज्या खारव्यानें हे कागद धूळ, ऊन व हाताळणी यांपासून राखले, त्याच्या रंगाकडे आपलें लक्ष क्वचितच गेलें. हा रंग म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो एका लांबलचक रासायनिक कृतीचा शेवट आहे, आणि ती कृति वाचतां आली तर फडकेंही लेखाइतकेंच बोलतें, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत त्या कृतीचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही हें लिहितों तें पिंप्राळ्याहून. पिंप्राळा हें एके काळीं जळगांवाहून वेगळें असलेलें गांव. आषाढी एकादशीस निघणाऱ्या विठ्ठलाच्या रथाकरितां तें पंचक्रोशींत ओळखलें जातें. आज तें जळगांव महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. येथून पश्चिमेस गेलें असतां एरंडोल लागतें. ईशान्येस तापी ओलांडली कीं यावल व त्यापुढें फैजपूर. इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत या तीन गांवांचीं वर्णनें एकाशेजारीं एक ठेवून वाचण्यासारखीं आहेत. एरंडोल जाडाभरडा देशी कागद करण्याबद्दल नांवाजलेलें. यावल कागदाबद्दल व निळीबद्दल. फैजपूर चिटांबद्दल आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांबद्दल. म्हणजे कागद, त्यावर बांधावयाचें तांबडें फडकें, आणि अंगावर घालावयाचा निळा कपडा, हीं तिन्ही बैलगाडीच्या दोन मजलांच्या आंत तयार होत होतीं. जुन्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर ही आणखी पुढें. तेथील रंगीत व चित्रित कापड इराण व तुर्कस्तान येथपर्यंत जात असल्याचें सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानें लिहून ठेविलें आहे. आमच्या प्रांताचें नांव कापसाशीं इतकें जखडलें गेलें आहे कीं, त्या कापसास रंग देणारी विद्याही येथें नांदत होती हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. खारव्याचा तांबडा रंग आलीचा. आल म्हणजे बारतोंडीच्या जातीचें झाड. त्याच्या मुळांच्या सालींत रंग असतो. व्यापारांत या मुळांस सुरंजी किंवा सुरंगी म्हणत, आणि इंग्रजी लेखांत सुरंजी याच नांवानें तीं आढळतात. आळता हा निराळा. तो लाखेपासून निघतो, आणि नामसादृश्यामुळें दोहोंची गल्लत करण्याचें कारण नाहीं. आलीचें नांव मराठींत आणखी एका शब्दांत राहिलें आहे, तो शब्द आलवण. केशवपन केलेल्या विधवेस नेसावें लागे तें तांबडें लुगडें म्हणजे आलवण. ज्या रंगानें दौलतीचीं दप्तरें बांधलीं जात, त्याच रंगानें घरांतील सर्वांत दुबळी व्यक्ति ओळखली जाई. दोहोंस हाच रंग कां, याचें व्यावहारिक उत्तर असें कीं, तो पक्का होता, मळखाऊ होता आणि जाड्याभरड्या सुती कापडावर बसत होता. पहिलें दोन गुण कोणत्याही रंगाऱ्यास हवेसे. तिसरा मात्र मोठ्या कष्टानें मिळविलेला आहे, आणि आमचा विषय तोच आहे.

आल हें घाईचें पीक नव्हे. काळ्या जमिनींत तें लावावें, तीन-चार वर्षें राखावें आणि मग खोल खणून मुळें काढावीं. बारीक मुळांस भाव अधिक, कारण रंग सालींत असतो आणि बारीक मुळांत सालीचें प्रमाण मोठें. जाड मुळें जवळ जवळ टाकाऊच. झाड फार वर्षें उभें ठेवलें तर मुळें जाडावतात आणि रंग घटतो. यावरून दिसतें कीं, रंगाऱ्याच्या भट्टीपूर्वी तीन-चार वर्षें कुणब्याच्या शेतांत कृतीस प्रारंभ झालेला असे. जमीन इतका काळ गुंतवून ठेवणारें पीक त्या जमिनीवर दरसाल निघणाऱ्या कापसाशीं किती दिवस टिकणार, हा प्रश्न पुढें यावयाचा आहे.

आतां रंगाऱ्याचें काम पाहूं. गांवोगांव त्यांत थोडाफार फरक असे. परंतु सर्वत्र आढळणारा सांगाडा पुढीलप्रमाणें आहे. कोऱ्या कापडांत विणकराची खळ असते व कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतो. म्हणून तें शेण व खार यांच्या पाण्यांत भिजवून, धोपटून निर्मळ करीत. मग तेलाचें काम लागे. एरंडेल अथवा तिळाचें तेल पापडखाराच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्यांत घुसळून त्याचें दुधासारखें पाणी करावयाचें, त्यांत शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या कालवावयाच्या, कापड त्यांत तुडवून पिळून उन्हांत पसरावयाचें. वाळलें कीं पुनः भिजवावयाचें, पुनः पसरावयाचें. असें कित्येक दिवस चाले. त्यानंतर न मुरलेलें तेल धुऊन काढून कापड हिरड्याच्या पाण्यांत बुडवीत, तेव्हां त्यास पिवळट झांक येई. तें वाळल्यावर तुरटीचें पाणी. पुनः वाळविणें आणि मग भरपूर पाण्यांत धुणें. इतकें झाल्यावरही कापडावर तांबडेपणाचा लेश नसे. तो शेवटीं येई. हंड्यांत गार पाणी, त्यांत किंचित् तेल चोळलेलें आलीचें चूर्ण आणि धायटीचीं फुलें घालून कापड सोडावयाचें आणि जाळ हळू हळू वाढवावयाचा. उकळी अगदीं अखेरीस.

ज्यास ही कृति नवीन आहे तो म्हणेल, तांबड्या मुळांचा काढा करून त्यांत कापड बुडविलें असतें तर काय बिघडलें असतें? बिघडलें असतें तें असें. कापसाच्या धाग्यास या जातीच्या रंगाचें आकर्षण नाहीं. पहिल्याच धुण्यांत तो निघून जाईल. रंगास धरून ठेवणारें कोणी मध्यस्थ हवें, आणि तें तुरटींतील ॲल्युमिनियम. पण तुरटीही कापसावर नुसती टिकत नाहीं; तिला धरावयास तेल हवें. तेलही नुसतें चालत नाहीं. खारानें फोडलेलें आणि ऊनवाऱ्यानें पालटलेलें तेल धाग्यांत मुरतें व तुरटीशीं संयोग पावून न धुपणारा साबण बनतें. हिरड्याचा तुरटपणा त्या पकडीस आणखी बळकटी देतो. जाळ मंद ठेवावयाचा तो रंग सर्वत्र सारखा चढावा आणि मुळांतील तपकिरी मळ आधींच उतरूं नये म्हणून. ऊन हें येथें केवळ वाळविण्याचें साधन नव्हे. भट्टीइतकेंच तें कृतीचें अंग आहे. यांतील एकही पायरी मागेंपुढें करतां येत नाहीं. तुरटी आधीं व तेल मागून केलें, तर द्रव्यें तींच असूनही कापड वाया जातें.

येथें संग्राहक मित्रांस एक गोष्ट विशेषेंकरून सांगावीशी वाटते. जुन्या बाडांत मधून मधून रंगाच्या, शाईच्या, दारूच्या कृती सांपडतात. त्या बहुधा द्रव्यांच्या याद्या असतात: अमुक शेर तमुक, अमुक तोळे तमुक. क्रम, काळ, जाळाचा बेत हीं त्यांत नसतात, कारण तीं लिहिणाराच्या नव्हे, करणाराच्या हातांत असतात. रंगारी, भावसार व निळारी यांच्या घरीं ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली. ती कारकुनाच्या लेखणीखालीं आली नाहीं. म्हणून अशा यादीवरून कृति समजली असें मानणें धोक्याचें आहे. हा धोका किती मोठा, याचें प्रत्यक्ष उदाहरण ग्लासगो येथें घडलें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरंजी नांवाचीं मुळें हिंदुस्थानांतून ग्लासगोस गेलीं. कापडावरील छपाईंत मुरलेल्या तेथील कारागिरांनीं तीं तपासलीं आणि हा मुळीं रंगच नव्हे असा निर्वाळा दिला. त्यांनीं नेहमींच्या पद्धतीनें तुरटीचें व लोखंडाचें कापड घेऊन त्यावर काढा चढवून पाहिला होता. रंग बसला नाहीं. इ. स. १८४८ च्या सुमारास टॉमस अँडरसन या रसायनशास्त्रज्ञानें त्या मुळांतून पिवळे स्फटिक काढून त्यांस मोरिंडिन असें नांव दिलें. ते तापविले असतां मिळणारें तांबडें द्रव्य तें मोरिंडोन. त्यासही साध्या कापडावर अपयशच आलें. मग त्यानें तेल दिलेलें कापड घेतलें, आणि त्यावर रंग चढला, पक्का चढला. ज्या मुळांस ग्लासगोच्या जाणत्यांनीं निरुपयोगी ठरविलें, त्यांवर आमच्याकडील रंगाऱ्यांचीं घरें पिढ्यान् पिढ्या चाललीं होतीं. द्रव्य समुद्रापलीकडे गेलें, कृति मागें राहिली.

याचें एक कारण पुढें कळलें. लीड्स येथील ह्यूमेल व आर्थर जॉर्ज पर्किन या दोघांनीं १८९० नंतरच्या वर्षांत आलीच्या मुळांचा पुनः अभ्यास केला, तेव्हां त्यांत एक मुक्त अम्ल असल्याचें आढळलें. तें पाण्यानें धुऊन काढलें किंवा थोड्या खडूनें मारलें, म्हणजे साध्या तुरटीच्या कापडावरही रंग उत्तम बसतो. म्हणजे ग्लासगोची सगळी फजिती एका धुण्याची किंवा चिमूटभर खडूची होती. आमच्या रंगाऱ्यास अम्ल हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्याच्या कापडांत खार आधींच मुरलेला होता.

ग्लासगोची ही गोष्ट विशेष मौजेची होते ती अशाकरितां कीं, तेलाची विद्या ग्लासगोस अपरिचित नव्हती. तुर्की तांबडा म्हणून जो रंग युरोपांत गाजला, तो मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून अशाच तेल, शेण व तुरटी यांच्या मार्गानें होई. लेव्हांटकडील ग्रीक कारागिरांकडून तो अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सांत गेला, आणि इ. स. १७८५ मध्यें रूआंचा पापियों हा तो घेऊन ग्लासगोस आला. पण तेथें तो एक स्वतंत्र धंदा होऊन बसला होता, आणि नवीन मुळें आलीं तेव्हां तीं छपाईकारांच्या हातीं पडलीं. शेजारच्या तुर्की रंगवाल्यांच्या नव्हे. एकाच शहरांत दोन विद्या असून त्यांची गांठ पडावयास रसायनशास्त्रज्ञ लागला. या तुर्की तांबड्याच्याच इतिहासांत आणखी एक प्रसंग आहे. हाउसमान नांवाचा कारखानदार रूआं येथें मंजिष्ठाचा सुंदर रंग काढीत असे. तोच अल्सेसांत कोलमारजवळ गेला तेव्हां तीच कृति, तोच माणूस, पण रंग फिका. पुष्कळ शोध केल्यावर कळलें कीं, नव्या ठिकाणच्या पाण्यांत चुना नाहीं. हंड्यांत खडू टाकतांच रंग पूर्ववत् झाला. आज आपणांस ठाऊक आहे कीं, या तांबड्या रंगाच्या घडणींत ॲल्युमिनियमबरोबर कॅल्शियमही बसलेलें असतें. अमुक नदीच्या पाण्यानें रंग खुलतो असें रंगारी सांगतात तें आपण भाबडी समजूत म्हणून सोडून देतों. तसें सोडूं नये. खानदेशांतील विहिरींचें पाणी कठीण, डाळ शिजावयास वाईट म्हणून गृहिणी त्यास नांवें ठेवतात. आलीच्या हंड्यास तें अनुकूलच पडलें असावें.

निळीची गोष्ट वेगळी आणि एका अर्थानें अधिक नवलाची. आलींत रंग चढविणें अवघड. निळींत रंग काढणेंही अवघड आणि चढविणेंही. निळीच्या झाडांत निळा रंग नसतोच. पानांत एक बिनरंगी द्रव्य असतें. कापलेलीं झाडें वरच्या हौदांत पाण्यांत दाबून रात्रभर ठेवीत. आंबतां आंबतां तें द्रव्य फुटे आणि पाणी पिवळट हिरवें होई. मग बूच काढून तें पाणी खालच्या हौदांत सोडावयाचें. खालच्या हौदांत माणसें उतरून वल्ह्यांनीं तें दोन-तीन तास बडवीत. बडविण्याचा हेतु एकच, पाण्यांत हवा भरणें. हवेच्या संयोगानें नीळ बनते आणि न विरघळणारे कण होऊन तळाशीं बसते. चुन्याचें पाणी घातलें कीं तें बसणें लवकर होतें. वरचें पाणी काढून टाकून गाळ उकळावयाचा, गाळावयाचा, दाबावयाचा आणि वड्या पाडावयाच्या. एक हौद उंचावर व दुसरा खालीं ही मांडणी साधी दिसते. परंतु जेथें हवा नको ती पायरी एकीकडे, जेथें हवा हवी ती दुसरीकडे, आणि मधला प्रवाह उताराच्या बळावर, इतकें तींत आहे. आंबविणें थोडें लांबलें तर माल बिघडतो, थोडें आखडलें तर झाडांतच राहतो. तो क्षण फेसाच्या रंगावरून व वासावरून ओळखणारा मनुष्य त्या कारखान्याचा खरा मालक.

आणि इतक्या कष्टानें केलेली वडी पाण्यांत विरघळत नाहीं! तेव्हां निळारी ती कुटून रांजणांत टाकी, चुना घाली, गूळ घाली, टाकळ्याचें बी शिजवून घाली आणि झाकून ठेवी. आंबण्याच्या क्रियेनें नीळ पुनः बिनरंगी बनून चुन्याच्या पाण्यांत उतरे. त्यांत बुडविलेलें कापड बाहेर काढावें तों पिवळट हिरवें. पाहतां पाहतां हवेंत तें निळें होई. हवेनें बनविलें, हवेवांचून मोडलें आणि कापडाच्या पोटांत हवेनें पुनः बनविलें, अशी ही त्रिविध चाल आहे. तुरटी नको, तेल नको. एकाच फैजपुरांत तांबडा व निळा हे दोन रंग नांदले, पण त्यांच्या कृतींत चुन्यावांचून फारसें कांहीं समान नाहीं.

आतां हे दोन्ही रंग कसे मावळले तें पाहावयाचें. सामान्यतः असें म्हटलें जातें कीं, जर्मन रसायनानें देशी रंग बुडविले. हें विधान तांबड्यापुरतें बरोबर आणि आमच्या निळीपुरतें चुकीचें आहे, असें आमचें मत आहे.

मंजिष्ठाच्या मुळांतील तांबडें द्रव्य अलिझरीन; तें इ. स. १८६८ मध्यें बर्लिन येथें ग्रेबे व लीबरमान यांनीं डांबरांतील अँथ्रासीनपासून तयार केलें. पण त्यांच्या कृतींत ब्रोमीन लागे, आणि ब्रोमीन इतकें महाग कीं मुळें खणून काढणेंच स्वस्त. पुढील वर्षीं ब्रोमीनच्या जागीं गंधकाम्ल घालून, मग दाहक खारांत वितळवून तेंच द्रव्य काढण्याची वाट सांपडली. तिच्याकरितां कारो, ग्रेबे व लीबरमान यांचा अर्ज लंडनमध्यें १८६९ च्या जूनच्या २५ तारखेस दाखल झाला, आणि विल्यम हेन्री पर्किनचा २६ तारखेस. (आलीच्या मुळांतील अम्ल शोधणारा तो याच पर्किनचा पुत्र. बापानें ज्या जातीच्या रंगाचें मूळ उखडलें, तिचें मुलानें पृथक्करण केलें.) प्रयोगशाळेंतील शोध १८६८ चा, पण जगाचा बाजार पालटला तो १८६९ च्या वाटेनें. द्रव्य तेंच, फरक पायऱ्यांचा होता.

निळीच्या बाबतींत हें अंतर याहून फार मोठें पडलें. बायर यानें १८८० मध्यें नीळ प्रयोगशाळेंत केली, पण कारखान्याची नीळ बाजारांत आली ती १८९७ मध्यें. मधलीं सतरा वर्षें गेलीं तीं वाट शोधण्यांत. बायरच्या वाटेस टोल्युईन लागे. जगाची निळीची गरज भागेल इतकें टोल्युईन डांबरांतून निघतच नव्हतें. इ. स. १८९० मध्यें झूरिक येथील हॉयमान यानें वेगळी वाट दाखविली, आणि अखेर तिची सुरुवात नॅफ्थलीनपासून करावयाचें ठरलें. नॅफ्थलीन विपुल व स्वस्त. पोथ्यांच्या पेटींत कसर लागूं नये म्हणून आपण ज्या गोळ्या टाकतों तेंच तें. तें तीव्र गंधकाम्लांत तापवून त्याचें पुढील द्रव्य करावयाचें, पण क्रिया मंद चाले. अशांत एका प्रयोगांत तापमापक फुटला, पारा आंत पडला आणि क्रिया झपाट्यानें होऊं लागली, अशी हकीकत सांगतात. पुढें या क्रियेंत निघणारा गंधकाचा वायु फुकट न दवडतां क्नीचच्या पद्धतीनें त्याचेंच पुनः तीव्र गंधकाम्ल करून तें पहिल्या पायरीस परत पुरवूं लागले. लागणारा क्लोरीन विजेनें मिठापासून काढूं लागले. एकीची टाकाऊ वस्तु ती दुसरीची कच्ची सामग्री, अशी पायरीस पायरी जोडली गेली तेव्हां नीळ परवडली. लुडविग्सहाफेन येथील बाडिश कंपनीनें याकरितां सुमारें १ कोटी ८० लक्ष सोन्याचे मार्क ओतले. तिच्या मूळ भांडवलाहून ही रक्कम मोठी होती. बंगाल-बिहारचा निळीचा धंदा त्यानंतर ढासळला हें सर्वविश्रुत आहे.

परंतु यावलची नीळ १८९७ ची वाट पाहत बसली नव्हती. १८८० च्या गॅझेटियरांतच तिची कीर्ति भूतकाळाच्या भाषेंत आली आहे. जर्मन नीळ तेव्हां बायरच्या बाटलीबाहेर पडलेली नव्हती. म्हणून यावलच्या निळीचा घातक लुडविग्सहाफेनांत शोधूं नये. तो जवळ शोधावा. बंगालच्या निळीनें पूर्वींच बाजार व्यापला होता. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, १८६१ ते १८६५, खानदेशच्या कापसास न भूतो असा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग पिंप्राळ्याच्या अंगावरून जळगांव-भुसावळकडे गेला, आणि जळगांव ही कापसाची पेठ बनली. युद्ध संपतांच भाव कोसळून तिला मोठी ठेंच लागली खरी, पण शेताचें वळण बदललें तें बदललेंच. निळीस हौद, पाणी, मजूर व भांडवल लागे. कापसास बैलगाडी व स्टेशन पुरे. आलीसही हाच न्याय लागू पडतो, तीन-चार वर्षें जमीन अडवावयाची कोणी? मात्र आलीवर शेवटचा घाव घातला तो अलिझरीननेंच. इ. स. १८९६ मध्यें मुंबई इलाख्यांतील रंग व रंगकाम यांवर सी. जी. एच. फॉसेट यांचा ग्रंथ निघाला, तेव्हां परदेशी अलिझरीन रंगाऱ्यांच्या घरांत शिरलेलें होतें. हेच फॉसेट पुढें हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि इंग्रजी वखारींच्या कागदपत्रांचे खंड संपादून आपल्या क्षेत्रांत सुपरिचित झाले. त्यांचे वखारींचे खंड आपल्या कपाटांत असतात, रंगांचा ग्रंथ मात्र फारसा कोणी उघडीत नाहीं. अलिझरीनकडे वळतांना आमच्या रंगाऱ्यानें सगळी विद्या टाकली असें नव्हे. तेल, हिरडा, तुरटी हीं तशींच राहिलीं. हंड्यांत मुळांच्या चूर्णाऐवजीं परदेशी लगदा पडूं लागला. कृतीचा सांगाडा देशी, शेवटची पायरी जर्मन.

यांतच दप्तरें पाहणाराचा लाभ आहे. आलीच्या रंगांत मोरिंडोन सांपडतें. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांच्या रंगांत अलिझरीनबरोबर इतर सोबती असतात. कारखान्याच्या रंगांत अलिझरीन जवळ जवळ एकटें. क्रोमॅटोग्राफी नांवाच्या पृथक्करणाच्या पद्धतीनें हा भेद आज कांहीं मिलिमीटर लांबीच्या धाग्यावरूनही ओळखतां येतो. ज्या फडक्यांत नुसतें कारखान्याचें अलिझरीन निघालें तें १८६९ पूर्वीचें असूं शकत नाहीं. कॉंगो रेड किंवा त्याच्या कुळांतला रंग निघाला तर तें १८८४ च्या अलीकडचें. फडक्यावरून आंतल्या कागदाचा काळ ठरत नाहीं हें उघड आहे, फडकीं बदलतात. पण गाठोडें या रूपांत शेवटीं केव्हां बांधलें गेलें, म्हणजे त्यांत मागाहून कागद मिसळण्यास केव्हांपर्यंत वाव होता, याची एक सीमा त्यावरून मिळते. वतनाच्या तंट्यांतील बनावट कागदांचा ज्यांस अनुभव आहे त्यांस या सीमेचें मोल सांगावयास नको.

दुसरी गोष्ट तातडीची आहे. जुना खारवा जीर्ण झाला म्हणून तो फेकून बाजारांतील नव्या तांबड्या कापडांत दप्तर बांधण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. आलीचा खारवा भिजला तरी सहसा रंग सोडीत नाहीं, कारण वर वर्णिलेल्या सर्व पायऱ्या त्याकरितांच होत्या. स्वस्त नवें कापड पहिल्या ओलीसच रंग सोडतें आणि तो कडांवरून आंत झिरपून अक्षरांवर पसरतो. असे डाग निघत नाहींत. नवें फडकें घालणें भाग असेल तर तें कोरें, न रंगविलेलें, खळ धुऊन काढलेलें सुती असावें, आणि परंपरेकरितां तांबडेंच हवें असल्यास तें वरून दुसरें गुंडाळावें.

एरंडोल, यावल, फैजपूर येथील जुन्या घरांत आजही रंगकामाचे, कागदाचे शब्द वृद्धांच्या तोंडीं असतील. ते क्रमासह उतरून घ्यावे. आधीं काय, मागून काय, किती दिवस, कोणत्या विहिरीचें पाणी, हें विचारावें. द्रव्यांची नुसती यादी आणूं नये. आणि ज्यांच्या संग्रहीं जुने रुमाल आहेत त्यांनीं तूर्त इतकें करावें: फडकें धुऊं नये, त्यावर अम्ल अगर खार टाकून घरगुती परीक्षा करूं नये. गांठीच्या आंतील घडींतून, जेथें ऊन पोंचलेलें नाहीं अशा जागचा, एक तुटका धागा चिमट्यानें काढून कोऱ्या कागदाच्या पुडींत ठेवावा, आणि पुडीवर रुमालाचा अंक, गांव, आंतील सर्वांत जुन्या व सर्वांत अलीकडच्या कागदाची मिति आणि धागा काढल्याची तारीख पेन्सिलीनें लिहावी.